भिक्षू परदेशी पोहोचले खरे, पण तिथे बोलले कोणत्या भाषेत?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात ‘बौद्ध भिक्षूंनी आशियातील अनेक देशांत धर्माचा प्रसार केला’ हे वाक्य फळ्यावर लिहून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पण त्यांना तिथली भाषा कुठे येत होती?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की इतकी वर्षे हे वाक्य शिकवूनही त्यामागचे फारसे काही मला स्वतःलाच ठाऊक नाही.

आमच्या पिढीने फाहियान, युआन श्वांग आणि इत्सिंग ही तीन नावे पाठ केली. पण ते तिघेही चीनमधून इकडे आलेले. इकडून तिकडे कोण गेले, कोणत्या वाटेने गेले, वाटखर्च कोण देत असे आणि तिथे पोहोचल्यावर संस्कृत किंवा प्राकृत ग्रंथातला आशय चिनी माणसाच्या गळी कसा उतरवला गेला, हे जाणकारांनी सांगावे. यात महाराष्ट्राचा काही खरा संबंध असेल तर तोही सांगावा. ओढूनताणून जोडलेला नको.

शब्दखूण

तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. हिमपर्वत ओलांडणारे पुष्कळ होते. दोन भाषा सारख्याच ताकदीने पेलणारे मात्र शतकातून एखाददुसरेच निघत.

आधी एक दुरुस्ती. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांचे भाषांतर सुरू करणारे पहिले लोक बहुतांशी भारतीय नव्हते. इ. स. १४८ च्या सुमारास चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, लोयांगला आलेला आन शिगाओ हा पार्थियन, म्हणजे इराणी मुलखातला होता. त्याच्यामागून आलेला लोकक्षेम कुषाणांच्या राज्यातला होता. सुमारे शंभर वर्षांनंतरचा धर्मरक्ष चीनच्या वायव्य सीमेवरच्या दुन्हुआंगमध्ये जन्मलेला, मध्य आशियाई वंशाचा. व्यापारी पेठांत वाढलेल्या या माणसांच्या कानांवर लहानपणापासून दोन-तीन भाषा पडत असल्यामुळे दुभाषेपण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

तुमच्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे कुमारजीव. त्याचा पिता कुमारायन भारतातून निघून आजच्या शिंजियांगमधल्या कुचा या ओॲसिस-राज्यात स्थायिक झाला आणि तिथल्या राजघराण्यातल्या जीवा नावाच्या राजकन्येशी त्याचा विवाह झाला. आईबापांची नावे जोडून मुलाचे नाव झाले. जीवा पुढे भिक्षुणी झाली आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन काश्मीरला शिकवायला आली. म्हणजे संस्कृत तो काश्मीरमध्ये शिकला. चिनी तो कुठे शिकला, हे वर्गात अवश्य सांगा: कैदेत. इ. स. ३८४ च्या सुमारास ल्यू ग्वांग या सेनापतीने कुचा जिंकले, कुमारजीवाला पकडून नेले आणि स्वतःचे राज्य स्थापन करून त्याला ल्यांगझोऊ प्रांतात सुमारे १७ वर्षे अडकवून ठेवले. या सेनापतीला धर्माची फारशी चाड नव्हती. भिक्षूची टिंगल करण्यासाठी त्याने कुमारजीवाला बळजबरीने विवाह करायला लावला. ती १७ वर्षे ग्रंथांच्या दृष्टीने वाया गेली असे वाटते, पण शिपाई, कारकून आणि बाजारातली माणसे बोलत होती ती चिनी भाषा त्याच काळात त्याच्या तोंडी बसली. इ. स. ४०१ मध्ये याओ शिंग या राजाने त्याला सन्मानाने आपल्या राजधानीत, चांगआनला (आजचे शीआन) आणले, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि खरे काम तिथून पुढे झाले.

ते काम एकट्याने खोलीत बसून होत नसे. कुमारजीव हातातला मूळ ग्रंथ वाचून तोंडी अर्थ सांगे, समोर शेकडो भिक्षू बसलेले असत, जुने भाषांतर हातात धरून स्वतः राजा ताडून पाहत असे, शंका निघत, वाद होत आणि मग लेखनिक मजकूर उतरवून घेत. यातला एक प्रसंग मला फार आवडतो. सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथात देव आणि माणसे एकमेकांना पाहू शकतील अशा अर्थाची एक ओळ आहे. धर्मरक्षाच्या जुन्या भाषांतरात ती ‘देव माणसांना पाहतात, माणसे देवांना पाहतात’ अशी होती. कुमारजीव म्हणाला, अर्थ मुळाबरहुकूम आहे, पण शब्द फारच रुक्ष आहेत. त्यावर सेंगरुई या शिष्याने सुचवले, ‘माणसे आणि देव जवळ येतात, दोघांनाही परस्परांचे दर्शन घडते’ असे म्हटले तर? कुमारजीव खूश झाला आणि तेच ठेवले. इ. स. ४०६ मधले ते भाषांतर पूर्व आशियात आजही पठणात आहे.

एवढे करूनही तो समाधानी नव्हता. भाषांतर म्हणजे आपण चावलेला भात दुसऱ्याच्या तोंडात घालणे, त्यात चव तर जातेच, वर ओकारी येते, अशा आशयाचे त्याचे उद्गार चरित्रात नोंदलेले आहेत. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ते टेबलासमोर लावून ठेवावेत असे आहेत.

गलबत

वर खुष्कीच्या मार्गाचे आले आहे, म्हणून मी समुद्राचे लिहितो. पाठ्यपुस्तकांत तो नेहमी दोन ओळींत आटोपतो.

भिक्षूंची स्वतःची जहाजे नव्हती. ते व्यापाऱ्यांच्या जहाजावर बसत आणि व्यापारी वाऱ्यावर अवलंबून असत. त्यामुळे भिक्षूंच्या प्रवासाचे वेळापत्रक खरे तर मोसमी वाऱ्यांनी ठरवलेले आहे. वारा फिरेपर्यंत बंदरात पाच-सहा महिने काढायचे, तेवढ्यात तिथली भाषा शिकायची आणि तिथल्या राजाला किंवा शेठला उपदेश करायचा. धर्म पसरला त्यातला बराचसा भाग या सक्तीच्या मुक्कामांत पसरला, असे मला वाटते.

फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला तेव्हा साठीच्या आसपास होता. त्याला हवे होते विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचे पूर्ण ग्रंथ, कारण चीनमध्ये ते तुटक होते. येताना तो वाळवंटातून आला, जिथे मेलेल्या वाटसरूंची हाडे हीच वाटेची खूण होती. पाटलीपुत्रात तीन वर्षे आणि ताम्रलिप्तीत दोन वर्षे राहून, ग्रंथ नकलून तो सिंहलद्वीपाला, म्हणजे श्रीलंकेला गेला. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात एका व्यापाऱ्याने बुद्धमूर्तीपुढे वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला आणि इतकी वर्षे मायदेशापासून दूर राहिलेल्या या म्हाताऱ्याच्या डोळ्यांना एकदम धारा लागल्या.

परतीच्या जहाजावर दोनशेहून अधिक माणसे होती. वादळात तळाला भोक पडले आणि व्यापारी जड सामान समुद्रात फेकू लागले. फाहियाननेही आपला पाण्याचा घडा आणि हात धुण्याचे भांडे फेकले, पण लोक आपली पुस्तके आणि मूर्ती फेकतील या धास्तीने तो रात्रंदिवस अवलोकितेश्वर या करुणामूर्ती बोधिसत्त्वाचा धावा करत राहिला. नव्वदेक दिवसांनी जहाज जावाकडे लागले. तिथून पुढच्या जहाजावर पुन्हा वादळ झाले, तेव्हा हा श्रमण जहाजावर आहे म्हणूनच संकट आले, याला एखाद्या बेटावर उतरवून द्या, असे सहप्रवासी ब्राह्मण म्हणू लागले. त्याचा यजमान व्यापारी आडवा आला म्हणून तो वाचला. पन्नास दिवसांची शिधासामग्री घेऊन निघालेले जहाज सत्तर दिवस झाले तरी किनारा दिसेना. माणशी मोजून पाणी दिले जात होते आणि स्वयंपाक समुद्राच्या पाण्यात होत होता. शेवटी इ. स. ४१२ मध्ये ते आजच्या चिंगदाओजवळ लागले.

इत्सिंगचे प्रकरण याहून गमतीचे आहे. इ. स. ६७१ मध्ये तो ग्वांगझोऊहून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजाने निघाला आणि सुमात्रावरच्या श्रीविजय राज्यात सहा महिने संस्कृत व्याकरण शिकत राहिला. तिथे हजाराहून अधिक भिक्षू होते आणि शिकवणी नालंदेसारखीच होती. म्हणून भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने आधी इथे एक-दोन वर्षे तयारी करावी, असा सल्ला त्याने लिहून ठेवला आहे. तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगा: भाषा शिकण्याची सोय वाटेतच होती. नालंदेत सुमारे दहा वर्षे घालवून तो श्रीविजयला परतला आणि भाषांतराला बसला, तर कागद आणि शाई संपली. इ. स. ६८९ मध्ये, ग्वांगझोऊला जाणाऱ्या जहाजाबरोबर कागद-शाईच्या मागणीचे पत्र धाडावे म्हणून तो बंदरात जाऊन जहाजावर चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, व्यापाऱ्यांनी शिडे उभारली आणि पत्र द्यायला गेलेला माणूस स्वतःच चीनला जाऊन पोहोचला. जमवलेले सगळे ग्रंथ श्रीविजयमध्येच राहिले.

सह्यकडा

माहिती उत्तम आहे, पण मूळ गोष्ट झाकोळून जाऊ नये असे मला वाटते. देणारा देश भारत होता आणि बाकीचे घेणारे होते. बोधिधर्मासारख्या दक्षिण भारतीय राजपुत्राने चीनला जाऊन ध्यानमार्ग दिला आणि शाओलिनच्या भिक्षूंना युद्धकलाही शिकवली. मुलांना हे अभिमानाने सांगायला काय हरकत आहे?

शब्दखूण

अभिमानाला हरकत नाही, पण उदाहरण बदलावे लागेल. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमारास लोयांगच्या मठांवर लिहिलेल्या चिनी ग्रंथात सापडतो आणि तिथे त्याला पश्चिमेकडचा, इराणी मुलखातला श्रमण म्हटले आहे. दक्षिण भारतातल्या राजाचा तिसरा मुलगा ही ओळख दुसऱ्या जुन्या परंपरेत येते. दोन्ही मांडून मुलांना विचार करू द्यावा. युद्धकलेची कथा मात्र फार उशिराची आहे. ती ज्या ग्रंथावर उभी आहे तो १७व्या शतकातला आहे. ‘ध्यान’ या शब्दाचे चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’ झाले, एवढे निर्विवाद सांगता येते आणि तेही काही थोडे नाही.

‘देणारा’ आणि ‘घेणारे’ ही विभागणीही फार काळ टिकत नाही. भिक्षुणी-संघाचेच पाहा. चीनमध्ये स्त्रियांना विधिपूर्वक उपसंपदा (पूर्ण दीक्षा) द्यायची तर आधीच्या भिक्षुणी हव्यात, आणि त्या तर तिथे नव्हत्या. काश्मीरच्या राजकुळातला गुणवर्मन हा भिक्षू सिंहल आणि जावा करत इ. स. ४३१ मध्ये आजच्या नानजिंगला पोहोचला. सिंहलद्वीपाहून काही भिक्षुणी आधीच आलेल्या होत्या, पण संख्या पुरेशी नव्हती, म्हणून त्याने आणखी भिक्षुणी आणवण्याची व्यवस्था केली. तो त्याच वर्षी वारला. नंदी नावाच्या जहाजमालकाने इ. स. ४३३ मध्ये देवसारा आणि तिच्यासोबतच्या भिक्षुणींना आणून पोहोचवले आणि त्यानंतर तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांची उपसंपदा झाली. पुढे ११व्या शतकाच्या सुमारास श्रीलंकेतली भिक्षुणी-परंपरा खंडित झाली. १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला श्रीलंकेतल्या स्त्रियांनी पुन्हा उपसंपदा घेतली, ती कोरिया आणि तैवानकडच्या भिक्षुणींच्या साहाय्याने. आता यात देणारा कोण आणि घेणारा कोण?

चैत्यगवाक्ष

महाराष्ट्राच्या संबंधाविषयी लिहितो. कान्हेरी आणि अजिंठ्याच्या वाऱ्या करणारा हौशी माणूस आहे; लेणी पाहायला एकदा गेलो की घरचे जेवणाची वाट पाहत नाहीत, एवढीच माझी पात्रता.

पहिली गोष्ट म्हणजे आपणही एके काळी ‘परमुलूख’ होतो. महावंस या सिंहली पाली ग्रंथात अशोकाच्या काळातल्या तिसऱ्या संगीतीनंतर (धर्मसभेनंतर) ठिकठिकाणी पाठवलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची यादी आहे. तीत महारठ्ठाला, म्हणजे महाराष्ट्राला, महाधम्मरक्खित आणि अपरान्ताला, म्हणजे कोकणपट्टीला, योनक धम्मरक्खित पाठवल्याचे म्हटले आहे. ‘योनक’ म्हणजे यवन, ग्रीक. कोकणात बुद्धाचा उपदेश घेऊन येणारा भिक्षू परंपरेने ग्रीक सांगितला आहे! सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, त्यामुळे त्या किनाऱ्याचे महत्त्व निव्वळ ग्रंथांतरी नाही.

दुसरी गोष्ट युआन श्वांगची. इ. स. ६४० च्या आगेमागे तो महाराष्ट्रात आला, तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता आणि हर्षाला त्याला नमवता आले नव्हते. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सूचना देतात, असे त्याने लिहिले आहे. हरलेल्या सेनापतीला इथे शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात, हेही त्यानेच नोंदवले. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू अशी संख्या तो देतो. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन त्याने केले आहे, जो अचल नावाच्या अर्हताने बांधला आणि ज्याच्या दारापुढे दगडी हत्ती आहेत. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव येते आणि १६ क्रमांकाच्या लेण्याच्या खालच्या दाराशी दोन हत्ती आजही आहेत. त्यामुळे हे वर्णन अजिंठ्याचे, असे अभ्यासक मानतात. पुढच्या सहलीत मुलांना त्या हत्तींपाशी दोन मिनिटे उभे करा.

वाटखर्चाचे विचारले होते, तेही त्याच्याच बाबतीत नीट कळते. राजाज्ञा मोडून तो चीनमधून गुपचूप निघाला. वाटेतल्या तुर्फान या ओॲसिस-राज्याच्या राजाने त्याला ठेवूनच घ्यायचे ठरवले, तेव्हा त्याने अन्नपाणी सोडले. शेवटी राजा नमला आणि सोने, ३० हजार चांदीची नाणी, रेशमाचे ५०० तागे, ३० घोडे, २५ माणसे आणि वाटेतल्या राज्यांसाठी २४ पत्रे त्याने बरोबर दिली. फकिरी वृत्तीचा माणूस, पण त्याचा तांडा चांगला मातब्बर होता. इ. स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ २० घोड्यांवर लादून परतला. त्यात ५० हस्तलिखिते कमी होती. सिंधू ओलांडताना नाव कलंडली आणि ती नदीत गेली होती.

त्या बुडालेल्या ग्रंथांचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. परतल्यानंतर काही वर्षांनी बोधगयेच्या महाबोधी विहारातल्या प्रज्ञादेव या भिक्षूने त्याला पत्र आणि पांढऱ्या कापडाचे दोन तागे पाठवले. वाट लांबची आहे, भेट लहान आहे म्हणून नाराज होऊ नये, आम्ही विसरलेलो नाही एवढेच कळावे, असा मजकूर होता. इ. स. ६५४ मध्ये युआन श्वांगने उत्तर लिहिले, तागे मिळाल्याची पोच दिली आणि सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून, जमल्यास प्रती पाठवाव्यात अशी विनंती केली.

अलीकडचे एकच नाव घेतो. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला १९०२ मध्ये श्रीलंकेला गेले, तिथेच दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहिले. बुद्धवचन मराठीत आणण्यासाठी मराठी माणसाला समुद्र ओलांडावा लागला.

वहीतलेपान

मी काही वर्षांपासून जपानात राहते. विषय भाषेचा निघाला आहे म्हणून एक गोष्ट जोडते.

इथे पहिलीतली मुले मुळाक्षरांचा तक्ता पाठ करतात. उभ्या स्वरमालेत आ, इ, उ, ए, ओ आणि व्यंजनांचा क्रम क, स, त, न, ह, म, य, र, व. मी तो प्रथम ऐकला तेव्हा हे आपले ‘कचटतप’च आहे, असे वाटून चमकले होते. योगायोग नाही. मंत्र अचूक म्हणता यावेत म्हणून भिक्षू सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णमाला शिकत, आणि त्या अभ्यासातूनच ११व्या शतकाच्या सुमारास जपानी अक्षरांची ही मांडणी पुढे आली. ‘च’ वर्गाच्या जागी ‘स’ आहे आणि ‘प’ वर्गाच्या जागी ‘ह’, कारण आज ‘ह’ म्हटला जाणारा वर्ण फार पूर्वी ‘प’ होता.

आमच्या घराजवळच्या दफनभूमीत थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. शब्द मूळचा ‘स्तूप’. वरच्या टोकाला स्तूपासारख्या खाचा असतात आणि त्यांखाली शाईने त्याच सिद्धम् लिपीतली पाच अक्षरे उतरत्या क्रमाने काढलेली असतात: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. देवनागरी येणाऱ्याला थोड्या प्रयत्नाने त्यांतली एक-दोन ओळखू येतात.

इकडून गेलेल्यांत बोधिसेनाचे नाव नक्की घ्या. हा भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि इ. स. ७५२ मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धमूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान त्याला मिळाला. कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते, म्हणजे जमलेल्या लोकांनाही ते धरून त्या कृतीत सहभागी होता यावे. तो कुंचला नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलेला आहे.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. आज पहिल्या तासाला फक्त कुमारजीव आणि इत्सिंग एवढेच सांगून झाले. सह्यकडा यांचा मुद्दाही मी वर्गापुढे ठेवला, तेव्हा मुलांनी आपापसांत बराच वाद घातला. त्या मुलीने आणखी एक प्रश्न टाकला आहे: शाईसाठी गेलेला माणूस चीनला पोहोचला, पण मग श्रीविजयमध्ये राहिलेली त्याची पुस्तके परत मिळाली का?

गलबत

मिळाली. ग्वांगझोऊला त्याने चार सहकारी भिक्षू गाठले आणि त्याच वर्षी, वारा फिरताच, त्यांना घेऊन तो श्रीविजयला परत गेला. आणखी काही वर्षे तिथे काम करून इ. स. ६९५ मध्ये जवळपास ४०० ग्रंथांसह तो लोयांगला आला, तेव्हा सम्राज्ञी वू त्याला सामोरी नगराच्या पूर्व दरवाजाबाहेर आली होती.